चार सह्यांचं पत्र

नागपूरहून यवतमाळकडे येताना कळंब लागतं. इथल्या चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरत खाली गेलं की कुंड आणि गणपती. या कुंडाची कथा आपल्या जिल्ह्यात लहानपणीच कानावर पडते. गौतम ऋषींचं रूप घेऊन इंद्र अहल्येकडे गेला. ऋषींनी दोघांनाही शाप दिला. शापातून सुटण्यासाठी इंद्र इथे कदंबाच्या झाडाखाली येऊन बसला, अंकुशाने जमीन फोडून त्याने पाणी काढलं आणि गणेशाची आराधना केली. त्याला उःशाप मिळाला. अहल्या मात्र रामाचे पाय लागेपर्यंत शिळा होऊन पडून राहिली.

आता १८६० साली मंजूर झालेली भारतीय दंड संहिता उघडून कलम ३७५ पाहा. बलात्कार कशाला म्हणायचं ते तिथे सांगितलं आहे आणि त्याचे प्रकार एकाखाली एक दिले आहेत. चौथा प्रकार असा: स्त्रीने होकार दिला आहे, पण समोरचा पुरुष आपला नवरा आहे असं समजून, आणि आपण तिचा नवरा नाही हे त्या पुरुषाला पक्कं ठाऊक आहे. असा होकार कायदा होकार मानत नाही. हुबेहूब अहल्येचीच गोष्ट! २०२४ साली दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी तिच्या कलम ६३ मध्ये हा प्रकार तसाच आहे.

वाल्मीकींच्या रामायणातली अहल्या इंद्राला ओळखते. पुढच्या कथांमधली अहल्या फसवली जाते. म्हणजे एका बाईची संमती होती की नव्हती, यावर आपण शेकडो वर्षं वाद घालत आलो आहोत, आणि दोन्ही प्रकारे शाप तिच्या वाट्याला येतोच. कायद्याच्या एका ओळीने हा हिशेब उलटा केला. फसवून मिळवलेला होकार हा होकार नाही आणि दोष फसवणाऱ्याचा.

पण फसवणूक नसेल, नुसती भीती असेल तर? तीही कुणी सुरा दाखवून घातलेली नाही, तर खाकी गणवेशाची, बंद दाराची, रात्रीच्या वेळेची? या प्रश्नाचं उत्तर कायद्याने दिलं ते विदर्भातल्याच एका घटनेमुळे आणि चार कायदे-अभ्यासकांनी लिहिलेल्या एका पत्रामुळे. त्या चौघांपैकी एक होत्या पुण्याच्या डॉ. वसुधा धागमवार. मानवी हक्कांच्या कायद्याचा अभ्यासक आयुष्यभर नेमकं करतो काय, हे समजून घ्यायचं असेल तर वसुधाताईंच्या कामासारखं दुसरं उदाहरण मराठी मुलखात मला दिसत नाही.

आपल्याला वकील माहीत असतो, न्यायाधीश माहीत असतो. कायद्याचा अभ्यासक सहसा माहीत नसतो. त्याच्याकडे अशील नसतो, निकाल देण्याचा अधिकार नसतो, मोर्चा काढण्याइतकी माणसंही नसतात. त्याच्याकडे असतं ते वाचन. कलम कसं लिहिलं गेलं, कधी बदललं, कोर्टाने त्याचा अर्थ कसा लावला आणि हा अर्थ लावताना कुठला माणूस कोर्टाच्या नजरेतून निसटला, एवढंच तो पाहत राहतो. एवढ्याशा कामातून देशाचा कायदा बदलू शकतो, हे मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं.

वसुधाताईंचा जन्म १९४० चा. त्यांचं पहिलं मोठं पुस्तक १९७४ साली आलं, ‘लॉ, पॉवर अँड जस्टिस’. विषय होता दंड संहिता आणि माणसाच्या व्यक्तिगत हक्कांचं संरक्षण. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली मसुदा केला, १८६० साली कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून तो लागू झाला. शंभर वर्षांहून अधिक काळ साऱ्या देशाने ज्या कायद्याखाली श्वास घेतला, तो कागदावर माणसाला किती हक्क देतो आणि सत्ता ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर ते हक्क किती टिकतात, हा त्यांचा प्रश्न होता. पुस्तकाच्या नावात कायदा आणि न्याय या दोन शब्दांच्या मध्ये सत्ता उभी आहे. पुढची चाळीस वर्षं त्यांनी जे केलं त्याचा नकाशा त्या तीन शब्दांत सापडतो.

आता त्या घटनेकडे वळू.

२६ मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. तेव्हा गडचिरोली जिल्हाच नव्हता, सगळा चंद्रपूर. मोलमजुरी करणारी एक अनाथ आदिवासी मुलगी, डॉक्टरांच्या अंदाजाने चौदा ते सोळा वर्षांची. ज्या घरी ती कामाला जायची, तिथल्या एका मुलाशी तिचं लग्न ठरत होतं. भावाला ते पसंत नव्हतं, म्हणून त्याने पोलिसांत तक्रार दिली. रात्री सगळ्यांना ठाण्यावर बोलावण्यात आलं. जबाब झाले, साडेदहाच्या सुमारास सगळे निघाले. ठाण्यातल्या पोलिसाने मुलीला मात्र थांबायला सांगितलं आणि बाकीच्यांना बाहेर जायला. दार बंद झालं, दिवे मालवले गेले. बाहेर उभ्या असलेल्या माणसांनी हाका मारल्या, आतून उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली आणि काय घडलं ते तिने सांगितलं. ठाण्यासमोर गर्दी जमली, लोक इतके भडकले की ठाणं पेटवून देण्याची भाषा झाली. तेव्हा कुठे फिर्याद नोंदली गेली.

पुढचा प्रवास तीन कोर्टांचा आहे आणि तो सावकाश पाहायला हवा, कारण कायदा कसा चालतो ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. मुलगी खोटारडी आहे, तिला आधीपासून शरीरसंबंधांची सवय होती, तेव्हा ठाण्यात जे झालं ते तिच्या मर्जीने झालं असणार, असा त्या निकालाचा सूर होता. राज्य सरकार अपिलात गेलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी निकाल फिरवला. एका पोलिसाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष सक्तमजुरी. नागपूरच्या न्यायमूर्तींनी जो फरक केला तो सोन्यासारखा आहे. भीतीपोटी, धमकीपोटी केलेली असहाय शरणागती वेगळी आणि इच्छा वेगळी, असं त्यांनी सांगितलं. हे दोघं त्या मुलीला पूर्ण अनोळखी, ते कायद्याचे अधिकारी, तिचा भाऊ तक्रार घेऊन आलेला. अशा जागी ती आपण होऊन पुढाकार घेईल, हे शक्यच नाही.

नागपूर खंडपीठाच्या या निकालाचा विदर्भाने अभिमान बाळगायला हवा. तो आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, ही खंत आहे.

मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कायद्याच्या ग्रंथांत ते ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने आहे. बाहेर सगळे त्याला मुलीच्या नावावरून मथुरा प्रकरण म्हणतात. १५ सप्टेंबर १९७८ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोघांनाही पुन्हा निर्दोष सोडलं. कारणं काय? अंगावर जखमा नाहीत. ती ओरडली नाही. हात धरून नेताना तिने सोबतच्या माणसांना हाक मारली नाही. म्हणजे प्रतिकार केल्याची गोष्ट रचलेली, आणि जे घडलं ते शांतपणे घडलेलं.

आता कलम ३७५ कडे परत या. पहिला प्रकार: स्त्रीच्या इच्छेविरुद्ध. दुसरा: तिच्या संमतीशिवाय. तिसरा: संमती आहे, पण ती मृत्यूची किंवा इजेची भीती घालून मिळवलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने भीतीचा विचार केला तो तिसऱ्या प्रकाराच्या चौकटीत. मृत्यूची किंवा इजेची भीती दाखवल्याचा पुरावा आहे का? नाही. मग भीती सिद्ध झाली नाही. मग संमती होती. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. पण बारकाईने पाहिलं तर मधली एक पायरीच गाळली गेली आहे. तिसरा प्रकार लागू होतो तो संमती दिलेली असेल तेव्हा. मुळात संमती होती का, हा दुसऱ्या प्रकाराचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि त्याचं उत्तर आधी द्यायला हवं होतं. गप्प राहणं ही संमती धरली की तो प्रश्न विचारण्याआधीच संपतो.

निकाल छापून आला आणि कायद्याच्या अहवालांत जाऊन बसला. असे शेकडो निकाल दरवर्षी येतात. मुलगी गरीब, तिच्या बाजूने पुढे लढणारं कुणी नाही. वर्ष सरलं.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी, म्हणजे निकालाला एक वर्ष आणि एक दिवस झाल्यावर, चौघांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. लतिका सरकार या केंब्रिजहून कायद्यात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. बक्षी पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या वेळी सरन्यायाधीश होते न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड, तेही पुण्याचेच. निकाल देणाऱ्या पीठावर ते नव्हते. पत्र त्यांना लिहिलं होतं ते न्यायसंस्थेचे प्रमुख म्हणून.

त्या काळात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर अशी उघड टीका करणं साधी बाब नव्हती. न्यायालयाच्या अवमानाची टांगती तलवार होती. आणि हे चौघे कुणी पक्षाचे पुढारी नव्हते, शिकवणारे, लिहिणारे लोक होते. कोर्टासमोर जे लवून उभं राहतं त्या जगातलेच.

पत्र फार मोठं नाही. चार-पाच पानांत मावेल एवढं. त्यात आरडाओरडा नाही, पण धारही बोथट केलेली नाही. स्त्रियांच्या मानवी हक्कांचा बळी देणारा हा निकाल आहे, असं त्यांनी सरळ लिहिलं. कायद्याच्या चर्चेत ‘मानवी हक्क’ हे शब्द तेव्हा आणीबाणी, स्थानबद्धता, वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य यांच्या संदर्भात यायचे. देसाईगंजच्या ठाण्यातली मजूर मुलगी त्या शब्दांत बसते, हे या चौघांनी लिहून दाखवलं.

मग त्यांनी प्रश्न विचारले. दोन पोलिसांनी ठाण्यात कोंडलेल्या चौदा-सोळा वर्षांच्या मुलीने यशस्वीपणे मदतीसाठी ओरडावं, अशी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची अपेक्षा आहे का? धट्ट्याकट्ट्या माणसांशी झुंजून तिने अंगावर जखमांच्या खुणा गोळा कराव्यात, अशी अपेक्षा आहे का? संमतीत शरण जाणं येतं, पण शरण जाण्यात संमती येतेच असं नाही, ही साधी गोष्ट कोर्टाच्या नजरेतून कशी सुटली? मुलीची गरिबी, तिचं वय, हक्कांचं अज्ञान, वकील न मिळणं, आणि गरीब माणसाला पोलीस ठाण्यात शिरताच जी भीती घेरते ती भीती, यांचा निकालात विचारच का नाही?

आणि एक अगदी बारीक मुद्दा, जो वाचूनच मला अभ्यासकाच्या कामाची ताकद कळली. रात्रीच्या वेळी त्या मुलीला ठाण्यावर बोलावलंच कसं? फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६० सांगत होतं की चौकशीसाठी स्त्रीला तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे हजर राहायला लावता येत नाही. मथुरा निकालाच्याच वर्षी, १९७८ मध्ये, नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच या कलमाची आठवण पोलिसांना करून दिली होती. तो खटला होता ओडिशाच्या माजी मुख्यमंत्र्यांचा. माजी मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत जे कलम आठवलं, ते मजूर मुलीच्या बाबतीत निकालात उमटलंच नाही. पत्राने दोन्ही निकाल शेजारी ठेवले. निष्कर्ष वाचणाऱ्याला आपोआप दिसला.

पत्र हळूहळू हातोहात फिरू लागलं. वर्तमानपत्रांनी ते उचललं, महिला संघटनांनी त्याच्या प्रती काढल्या. मुंबईत या प्रश्नावर स्त्रियांचं व्यासपीठ उभं राहिलं. नागपूरमध्ये प्रा. सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचारविरोधी परिषदेतून या प्रश्नाला वाहून घेतलं. ८ मार्च १९८० च्या महिलादिनी मुंबई, दिल्ली, नागपूर, हैदराबाद अशा शहरांत मोर्चे निघाले; मागणी एकच, खटला पुन्हा उघडा.  खटला काही उघडला गेला नाही. पण कायद्याचं पान उघडलं. विधी आयोगाने १९८० मध्येच आपला ८४ वा अहवाल या विषयावर दिला आणि १९८३ मध्ये संसदेने फौजदारी कायद्यात दुरुस्ती केली.

त्या दुरुस्तीत काय होतं हे समजलं की थक्क व्हायला होतं. आपल्या फौजदारी कायद्याचा पाया असा की आरोपी निर्दोष धरायचा आणि सगळं सिद्ध करायचं ते सरकार पक्षाने. हा पाया फार मोलाचा आहे, तो हलवू नये. पण त्यामुळे संमती ‘नव्हती’ हेसुद्धा सरकार पक्षालाच सिद्ध करावं लागे. नसलेली गोष्ट सिद्ध कशी करणार? आणि जागा पोलीस ठाणं असेल, साक्षीदार पोलीसच असतील तर कुणाच्या तोंडून? म्हणून पुरावा कायद्यात कलम ११४-अ नव्याने घातलं गेलं. पोलीस, सरकारी नोकर, तुरुंगाचे किंवा रुग्णालयाचे अधिकारी यांच्या ताब्यात स्त्री असताना संबंध घडला हे सरकार पक्षाने सिद्ध केलं आणि संमती नव्हती असं स्त्रीने कोर्टात शपथेवर सांगितलं, तर संमती नव्हती असंच कोर्टाने धरून चालायचं. उलट सिद्ध करायची संधी आरोपीला आहेच. पाया तसाच राहिला, फक्त एका ठिकाणी, जिथे सत्तेचं पारडं आधीच इतकं झुकलेलं आहे, तिथे पुराव्याचा भार इकडून तिकडे गेला. शिवाय ताब्यातल्या स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा, खटल्याची सुनावणी बंद दाराआड, आणि पीडितेचं नाव छापायला बंदी.

सगळं एका फटक्यात झालं नाही. स्त्री एरवी ‘चारित्र्यहीन’ आहे असं दाखवून तिची साक्ष खोडायची मुभा पुरावा कायद्यात होती. ती गेली २००२ च्या अखेरीस. आणि अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती, या तर्काला कायद्याने स्पष्ट शब्दांत नकार दिला तो २०१३ मध्ये. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीचा अहवाल आला, त्यानंतरच्या दुरुस्तीत संमतीची व्याख्या आली. संमती म्हणजे शब्दांनी, खुणेने किंवा अन्य रीतीने स्वतःहून दिलेला निःसंदिग्ध होकार; आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून स्त्रीची संमती होती असं मानता येणार नाही. १९७९ च्या पत्रातला प्रश्न २०१३ मध्ये कायद्याचं वाक्य झाला. चौतीस वर्षं लागली.

त्या मुलीला स्वतःला यातलं काहीच मिळालं नाही. नवा कायदा मागे जाऊन लागू होत नाही. ज्यांना सोडलं होतं ते सुटलेलेच राहिले. हे सांगितल्याशिवाय या गोष्टीचं कौतुक करणं मला पटत नाही. देशातल्या लाखो स्त्रियांना जे कलम उपयोगी पडलं, ते जिच्यामुळे आलं तिला कोर्टाच्या कागदात शेवटपर्यंत खोटारडीच ठरवून ठेवलं आहे.

बहुतेक लोक वसुधाताईंची ओळख या पत्रापाशी संपवतात. मला त्यापुढचं काम तितकंच मोठं वाटतं. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या आदिवासी भागात त्यांनी काम केलं. पुस्तकातला कायदा आणि डोंगरातल्या माणसाला दिसणारा कायदा यांत किती अंतर आहे, ते तिथे त्यांनी पाहिलं. पुस्तकातल्या कायद्यात सर्वोच्च न्यायालय सगळ्यांत वर. डोंगरातल्या माणसाला कायदा म्हणजे वनरक्षक, तलाठी आणि पोलीस. कळंब-राळेगावकडच्या एखाद्या कोलाम पोडावर जाऊन विचारलं तर आजही हीच यादी ऐकायला मिळेल. या विषयावरचा त्यांचा ग्रंथ २००६ मध्ये आला. भारतातल्या कायद्याची भूमिका आणि प्रतिमा, आदिवासींच्या अनुभवातून.

१९८५ मध्ये त्यांनी दिल्लीत ‘मल्टिपल ॲक्शन रिसर्च ग्रुप’ ही संस्था काढली, जिला सगळे ‘मार्ग’ म्हणतात. कायदा सोप्या भाषेत लोकांपर्यंत नेणं हे तिचं मुख्य काम. ‘हमारे कानून’ या पुस्तिका तिथूनच आल्या. मोठी विदुषी, जिच्या लेखणीने संसदेला हलवलं, ती बसून अंगणवाडी सेविकेला समजेल अशी पुस्तिका तयार करवून घेते. विद्वत्तेचं हे रूप आपल्याकडे दुर्मीळ आहे.

याच संस्थेने नर्मदेच्या खोऱ्यात एक पाहणी केली. तिचं शीर्षकच एक प्रश्न आहे: मध्य प्रदेशातल्या सरदार सरोवराच्या विस्थापितांना काय ठाऊक आहे? धरणाच्या बाजूचे लोक आणि विरोधातले लोक तावातावाने भांडत होते. उंची किती, वीज किती, जंगल किती. वसुधाताईंच्या माणसांनी बुडणाऱ्या गावांत जाऊन वेगळंच विचारलं. तुमचं गाव बुडणार हे तुम्हाला कुणी सांगितलं? केव्हा? लेखी की तोंडी? बदल्यात काय मिळणार हे सांगितलं का? नर्मदा लवादाने १९७९ मध्ये जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचं ठरवलं होतं, पात्र खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर, आणि सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब मानायचं. आदेश कागदावर चांगला होता. पण ज्याच्यासाठी तो होता त्याला तो माहीतच नसेल तर तो मागणार कसा?

हा प्रश्न किती खोल आहे ते यवतमाळच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. बेंबळा धरणाच्या वेळी बाभुळगावकडच्या किती घरांनी पुनर्वसनाचे कागद दुसऱ्याकडून वाचून घेतले असतील! १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली सूचना राजपत्रात छापली जायची. राजपत्र गावात कोण वाचतं? माहिती मिळणं हाच पहिला हक्क आहे, बाकीचे हक्क त्याच्या मागून येतात, असं त्या पाहणीतून पुढे आलं. १८९४ चा कायदा अखेर गेला. त्याच्या जागी आलेला, सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी सक्तीची करणारा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. वसुधाताई त्याच वर्षी गेल्या.

समान नागरी कायद्यावरही त्यांनी १९८९ मध्ये पुस्तक लिहिलं, फौजदारी न्यायव्यवस्थेच्या अनागोंदीवर १९९७ मध्ये, छत्तीसगडमधल्या कोरबाच्या विस्थापितांवर २००३ मध्ये. यातली बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आहेत. मराठीत त्यांचं लेखन नीट एकत्र करून छापलं जायला हवं. आपल्या विद्यापीठांनी आणि प्रकाशकांनी हे काम हाती घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कायद्याला प्रवेश घेणाऱ्या अमरावती-नागपूरच्या विद्यार्थ्याला देसाईगंजचा खटला परीक्षेपुरता दोन ओळींत माहीत असतो. ते पत्र लिहिणारी बाई माहीत नसते, हे बरं नाही.

आणि कळंबच्या, राळेगावच्या, बाभुळगावच्या वाचकांना या सगळ्यातून आज उपयोगी पडेल असं थोडं सांगून थांबतो. जुनं कलम १६० आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ झालं आहे: साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर पोलिसांना कुठल्याही बाईला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं, ती आपल्या मर्जीने येणार असेल तर गोष्ट वेगळी. घटना कुठल्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेली असो, जवळच्या ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. प्रत्येक स्त्रीला, तसंच अनुसूचित जाती-जमातींच्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी फोन क्रमांक १५१०० आहे. घरातल्या मुलींना आणि कामाला येणाऱ्या बायांना तो आजच लिहून द्या.